माती आत गेली ती माझ्या हातानं

बेअरिंग वजनानं जातं, असं मी बरीच वर्षं समजत होतो आणि गिऱ्हाइकालाही तेच सांगत होतो. गाडीत माल जास्त भरलाय, रस्ता खराब आहे, मग बेअरिंग टिकेल कसं? गिऱ्हाइकाला ते पटायचं. माल त्यानंच भरलेला असायचा आणि रस्ता सरकारचा. मधल्या मध्ये मिस्त्री सुटायचा.

माझं छोटं गॅरेज जळोचीत आहे. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना, त्यामुळे या भागात तीनचाकी उदंड. जळोचीच्या उपबाजारात भाजी आणि फळं आणणाऱ्या, दुधाचे कॅन वाहणाऱ्या, इंदापूरपर्यंत किराणा पोचवणाऱ्या गाड्या माझ्याकडे येतात. जुन्या गाड्यांच्या पुढच्या चाकाचा आर्म ज्या पिनेवर झुलतो, तिथली निडल बेअरिंगं हे माझं नेहमीचं काम. त्यातली बरीच माझ्यामुळेच गेली, हे कळायला मला फार उशीर लागला.

चाकाच्या हबमधलं बेअरिंग गरागरा फिरतं. आर्मच्या पिनेवरचं तसं फिरत नाही. खड्डा आला की थोडं वर, खड्डा गेला की थोडं खाली, बस्स. आतल्या बारीक सळ्या त्याच त्या जागी पुढेमागे घासत राहतात. बाजूला सरलेलं ग्रीस परत सळीखाली येत नाही, आणि आत शिरलेला कणही बाहेर पडत नाही. म्हणून अशी पिन काढून नखानं चाचपली तर आडव्या रेघा लागतात, सळ्या जिथं बसल्या होत्या बरोबर तिथं. ही झुलत्या आर्मची पद्धत जुनी आहे. 1946 ची व्हेस्पा कोरादिनो द'आस्कानियो या विमानं बनवणाऱ्या इंजिनिअरनं आखली. पुढचं चाक एकाच बाजूनं धरायची कल्पना त्यानं विमानाच्या चाकांवरून घेतली. त्याच स्कूटरवरून 1948 मध्ये पियाजिओची पहिली तीनचाकी, ॲपे, निघाली. विमानाचं चाक उसाच्या रानात येईल, हे काही त्याच्या डोक्यात नसणार.

माझी पहिली चूक शिकवणुकीतून आलेली. ज्या वस्तादाकडे मी शिकलो, त्यांचा नियम होता: बेअरिंगच्या घरात एक तृतीयांश ग्रीस, जास्त भरलं तर तापतं. नियम खरा आहे, पण हबच्या बेअरिंगसाठी. जोरात फिरणारं बेअरिंग जादा ग्रीस घुसळतं आणि तापतं. आर्मची पिन तापायला फिरते कुठं? तिथली पोकळी ग्रीसनं गच्च भरलेली हवी, कारण ग्रीस तिथं वंगणही असतं आणि भिंतही. मी मात्र बोटावर घेऊन बेतानं लावत होतो, आणि उरलेल्या जागेत पाणी आणि माती राहायला येत होती. काटकसर केल्याचं समाधान वर.

दुसरी चूक सीलची. इंजिनचं ऑइल सील बसवताना स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे ठेवतात. हात त्याला सरावलेला. आर्मचं सीलही मी तसंच बसवत गेलो, ओठ आतल्या बाजूला. पण इथं तेल अडवायचं नसतं, माती अडवायची असते. ओठ बाहेरच्या बाजूला असला तर नवं ग्रीस भरताना जुनं, मळलेलं ग्रीस त्याच्याखालून बाहेर पडतं आणि बाहेरची घाण मात्र आत येत नाही. मी उलटं बसवल्यावर जुन्या ग्रीसला वाटच उरली नाही. ग्रीस गनचा दाब वाढला की कधी सीलच जागेवरून सरकायचं. मी ते हातोडीनं ठोकून परत बसवायचो. ठोकून वाकलेलं सील म्हणजे उघडं दारच, पण बाहेरून दिसायला सगळं ठीक.

ग्रीस निप्पलचं तर सांगायलाही लाज वाटते. निप्पलच्या तोंडावर वाळलेल्या चिखलाचं बोंड असतं. मी त्यावरच गन लावून दाबत होतो. म्हणजे ग्रीसच्या आधी ते बोंड आत. बेअरिंगमध्ये सळी आणि पिन यांच्यामध्ये ग्रीसचा जो थर असतो, तो बहुतेक वेळा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. आपल्या भागातल्या खडी क्रशरची भुकटी त्या थरात शिरली की ग्रीस आणि भुकटी मिळून व्हॉल्व्ह घासायची पेस्टच होते. व्हॉल्व्हला मी ती मुद्दाम लावतो. बेअरिंगमध्ये न सांगता भरत होतो.

सगळ्यात मोठी चूक पाण्याची, आणि ती मला चांगुलपणाची वाटत होती. काम झालं की गाडी धुऊन द्यायची, गिऱ्हाईक खूश. जोरदार फवाऱ्याचं मशीन आणलं आणि आर्मच्या सांध्यावरचा चिखल अगदी जवळून, थेट सीलवर मारून काढायला लागलो. सीलचा ओठ उडणारा चिखल थोपवू शकतो, फवारा नाही. आणि पाणी कुठलं? बोअरचं. ब्रिटिशांच्या काळात नीरा डावा कालवा आला, ऊस आला, पाणी मुरत गेलं आणि कालव्याखालच्या कितीतरी जमिनी खारपड झाल्या. शेतकऱ्याला हे सांगायला नको. माझ्या बोअरचं पाणीही चहाला चालत नाही. तेच खारं पाणी मी दाबानं बेअरिंगमध्ये घालत होतो. काळ्या मातीची आणखी एक खोड आहे. ओली असताना ती सांध्याला चिकटते, वाळली की दगडासारखी होते, आणि आर्म हलला की सीलचा ओठ खरवडते. तेव्हा माती काढायला तर हवीच. मी चुकत होतो ते काढण्याच्या पद्धतीत.

हे सगळं कळलं ते दोन गाड्या एकाच दिवशी उघडल्या म्हणून. एक भाजीवाल्या तात्यांची. मी नवं बेअरिंग टाकून धुऊनपुसून दिलेली, तीच परत आलेली.

"मिस्त्री, गाडी पुन्हा खडखडायला लागली," तात्या म्हणाले.

"माल किती भरता तात्या?" मी सवयीनं विचारलं.

आर्म उघडला तर ग्रीस दुधाळ, राखाडी झालेलं. पाणी मिसळलं की ग्रीस असंच दिसतं. पिनेवर तांबडा गंज. दुसरी गाडी एका दूधवाल्याची, वेगळ्याच कामाला आलेली. तिचा आर्म माझ्या हाताखालून एकदाही गेला नव्हता, मूळचंच बेअरिंग. ती तात्यांच्या गाडीपेक्षा किती तरी जास्त चाललेली आणि रोज कॅनांचं ओझं. पिन काढली तर चकचकीत. गाडी कशी धुता, असं मी विचारलं. "बादली आन् फडकं," तो म्हणाला, "मशिनीला पैसे कोण देणार?"

वजनाचा माझा सिद्धान्त तिथंच संपला.

तात्यांकडून मजुरी मी दोन्ही वेळा घेतली होती. पुढं एकदा खरं काय ते त्यांना सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मग ती मजुरी पुढच्या कामात वळती करा." केली.

लहानसहान चुका आणखी होत्या. नवं बेअरिंग पुडीतून काढून वर्तमानपत्रावर उघडं ठेवायचं आणि चहाला जायचं. सुताचं वेस्ट वापरायचं, त्याचे धागे आत राहायचे. डिझेलच्या ज्या थाळीत सगळ्या गाड्यांचे पार्ट धुतले, त्याच काळ्या डिझेलमध्ये बेअरिंग बुडवायचं. आता पुडी शेवटच्या क्षणी फोडतो, धागे न सुटणारं कापड वापरतो, आणि आर्म उघडण्याआधी भोवतीचा चिखल ब्रशनं कोरडाच झाडतो. फवारा फक्त हौद्याला आणि चाकाच्या रिमला मारतो, सांध्यापासून लांब.

कारवाल्यांनीही आपण यातून सुटलो असं समजू नये. पुढच्या शॉकअपच्या माथ्यावर एक बेअरिंग असतं, स्टिअरिंगबरोबर वळणारं. बॉनेट उघडून वरून फवारा मारला की पाणी तिथंच उतरतं. मग स्टिअरिंग वळवताना कट्‌कट् आवाज येतो आणि दोष रस्त्याला जातो.

वाचकांपैकी कुणाची तीनचाकी असेल, तर पावसाळा संपल्यावर आणि ऊसवाहतुकीचा चिखल सुरू होण्याआधी एकदा ग्रीस भरून घ्या. भरताना मिस्त्रीजवळ उभे राहा. निप्पल आधी पुसायला लावा आणि सीलच्या कडेनं स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत गन थांबवू देऊ नका. बाहेर आलेलं जुनं ग्रीस दुधाळ असेल तर सील बदलायला सांगा, नुसतं बेअरिंग नको. मिस्त्री तुमच्या मालाबद्दल बोलायला लागला, तर गाडी कशी धुतली जाते ते त्याला आधी सांगा.