आधी जागा लिही

गोडदेव, भाईंदर (पूर्व)

चि. निखिल,

तुझा फोटो परवा रात्री पाहिला आणि झोपच उडाली. दक्षिणेतल्या काराईच्या घळीत टरिलाइट्स, तो वाकड्या कुळातला अ‍ॅमोनाइट! मनोऱ्यासारखी चढत गेलेली वेटोळी, प्रत्येक वेढ्यावर गाठींच्या रांगा, आणि एवढे वेढे शाबूत. आज अण्णा असते तर भिंग घेऊन त्या फोटोवरच वाकले असते. मला फार आनंद झाला. तो आधी लिहून ठेवते, कारण पुढे मी रागावणार आहे.

तू विचारलंस ते एवढंच, की टोक तुटलंय, दुसऱ्या घळीत मिळालेलं एक टोक त्यावर छान बसतंय, तर फेविक्विकने जोडू का? नको. अजिबात नको. ते टोक वेगळ्या जीवाचं आहे, कदाचित वेगळ्या थरातलं, म्हणजे वेगळ्या काळातलं. दोन खरे तुकडे जोडून तू एक खोटी वस्तू तयार करशील, आणि ती इतकी सुरेख दिसेल की पुढे कुणी तिच्यावर शंकाही घेणार नाही.

नेहमीच्या अ‍ॅमोनाइटचे वेढे एकमेकांना चिकटून असतात, त्यामुळे तो निदान थोडा तरी तग धरतो. या वाकड्या कुळातल्या बऱ्याच जणांचे वेढे सुटे, काहींचं शरीर तर सरळसोट. बॅक्युलाइट्सच्या काही जाती दीड-दोन मीटर लांब होत, पण हाताला लागतात ते बहुधा बोटभर तुकडे. म्हणून अखंड नमुन्याला बाजारात मोल येतं, आणि म्हणूनच बाजारात जोडकामही चालतं. मोरोक्कोहून जगभर जाणाऱ्या अशा नमुन्यांत किती भाग मूळचा आणि किती नंतर भरलेला, हे भल्याभल्यांना भिंगाखाली धरून पाहावं लागतं. तू त्या वाटेला पहिलं पाऊल टाकू नकोस. तुटलेलं असेल तर तुटलेलं राहू दे.

पण खरं सांगू? जोडण्यापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीने जास्त धास्ती वाटली. फोटोत तो गुलाबी चादरीवर ठेवलाय, धुऊन चकचकीत. त्याच्याजवळ चिठ्ठी नाही. कुठल्या घळीत मिळाला, थरात रुतलेला होता की पावसाने खाली वाहून आलेला, भोवती जिप्समचे पापुद्रे होते का, बेलेम्नाइट होते का, यातलं एक अक्षर नाही. निखिल, अण्णांच्या पत्र्याच्या पेटीतल्या बिनचिठ्ठीच्या नमुन्यांचं काय झालं ते तू डोळ्यांनी पाहिलंयस. तरी?

टरिलाइट्स इंग्लंड-फ्रान्समधल्या थरांतही सापडतो. हजारो मैल दूरच्या त्या थरांचं आणि आपल्या दक्षिणेतल्या थरांचं वय या शंखांमुळेच जुळवता येतं. साडेनऊ-दहा कोटी वर्षं म्हणतात ती अशी. थर ठाऊक असेल तर तुझा शंख कालदर्शक. नसेल तर शोकेसमधली शोभा. हेन्री ब्लॅनफर्डने काराईच्या त्या भागातला खडक उत्तातूर, त्रिचनापल्ली आणि अरियलूर असा तीन गटांत मांडला तो 1862 साली. फर्डिनांड स्टोलिचकाने तिथले अ‍ॅमोनाइट याच विभागणीच्या आधारे एकेक करून वर्णिले. तो 1874 साली लडाखच्या वाटेवर उंचीच्या त्रासाने गेला, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी. त्याने लिहिलेलं आजही उघडून पाहावं लागतं, कारण नमुन्यामागे गाव आणि थर लिहिलेला आहे.

आणि याच वाकड्या कुळातल्या तुझ्या लाडक्या निप्पोनाइट्सचंच घे. 1904 साली याबेने त्याला नाव दिलं तेव्हा हा दोऱ्याचा गुंता म्हणजे एखादा विकृत जीव असावा असं कित्येकांना वाटलं. पुढे होक्काइदोत आणखी सापडले, सगळ्यांचा गुंता एकाच नियमाने वळलेला. 1988 साली ओकामोतोने संगणकावर दाखवलं, की पाण्यात तोल सांभाळताना वाढीची दिशा ठरावीक जागी पालटली की नेमका हाच आकार येतो. एकट्या सुंदर नमुन्यावरून हे कुणाला कळलं असतं? या साऱ्या कुळालाच थकलेलं, ऱ्हासाला लागलेलं म्हणायची एके काळी पद्धत होती. मला त्याचा आजही संताप येतो. कोट्यवधी वर्षं समुद्रासमुद्रांतून नांदलेले प्राणी ते! बॅक्युलाइट्स तर अगदी शेवटपर्यंत टिकून होते.

इथे गोडदेवात तसं काही हाताला लागायचं नाही. खाडी, मिठागरं, आणि पलीकडे घोडबंदरच्या बाजूचा डोंगर. हा सगळा दख्खनच्या लाव्हाच्या राज्यातला प्रदेश, आणि तो लाव्हा वाहिला तोही अ‍ॅमोनाइट संपले त्याच सुमारास, साडेसहा कोटी वर्षांमागे. आपल्या देवघरातला शाळिग्राम हा घरातला एकुलता एक अ‍ॅमोनाइट, तोही नेपाळात काली गंडकीच्या पात्रातला. मराठी माणसाला हे वेड लागलं की घर सोडावं लागतं. प्रा. जी. डब्ल्यू. चिपळूणकर नर्मदाकाठी बाघच्या थरांकडे गेले ते उगीच नाही. तेव्हा तू चेन्नईत नोकरीला लागलास याचं तुझ्या आईला कितीही वाईट वाटो, मला मनातून बरंच वाटलं.

मात्र एकटा जाऊ नकोस. काराईची माती पावसात साबणासारखी सुटते आणि उन्हात त्या घळींत सावलीचं झाड मिळत नाही. अरियलूरकडे सिमेंटसाठी चुनखडी काढतात, त्या खाणींच्या काठावर विनापरवानगी पाऊल टाकायचं नाही, सुरुंग कधी लागेल ते कळत नाही. तुझा बाप असाच कड्यावर उभा राहायचा. तुला त्याची उंची मिळाली आहे, तो हट्ट मिळू नये. पाण्याच्या दोन बाटल्या ने. आणि वाटेत पोरं शंख विकायला आली तर घेऊ नकोस. आज तू पैसे दिलेस तर उद्या ती थर उकरून काढतील, आणि कुठून काढलं ते कुणालाच सांगता येणार नाही.

आता हे पत्र बाजूला ठेव आणि आठवतंय तोवर लिहून काढ: गाव, घळ, फोनमधले अक्षांश-रेखांश, तारीख, रुतलेला की सुटा. पेन्सिलने लिही, शाई ओलीने पसरते. चिठ्ठीवर एक क्रमांक दे आणि तोच शंखाच्या मागच्या बाजूला बारीक घाल. ते दुसरं टोक वेगळ्या डबीत, त्याच्या स्वतःच्या चिठ्ठीसह ठेव. मग कुठल्याही विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात नेऊन दाखव, आणि त्यांना संशोधनासाठी हवा असेल तर देऊन टाक. चिठ्ठीचा फोटो मला रविवारच्या आत पाठव.

तुझी,
आत्या