खोडलेले आकडे

प्रयोगशाळेतील एखादा अनुभव लिहून द्या, असे संपादक-मंडळाने सांगितले, तेव्हा आम्हां चौघांच्याही मनात एकच गोष्ट आली. आणि नेमकी तीच सांगू नये, असेही वाटले. कारण तीत आमची बाजू फारशी भूषणावह नाही.

दहावीच्या वर्गात ओहमच्या नियमाचा प्रयोग सर्वांनाच करावा लागतो. बारा व्होल्टची बॅटरी, ऱ्होस्टॅट, प्रवाह मोजणारा अ‍ॅमीटर, दाब मोजणारा व्होल्टमीटर आणि नायक्रोमच्या तारेचे एक वेटोळे, एवढेच साहित्य. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो; दाब व प्रवाह यांचा गुणाकार केला की शक्ती मिळते. 3 व्होल्टला 0.6 अँपिअर, 6 ला 1.2, 9 ला 1.8, भागाकार प्रत्येक वेळी 5 ओहम! आलेखावरची रेषा पट्टीने आखल्यासारखी सरळ आली.

तास संपायला अद्याप वीस मिनिटे होती. बाहेर बेळगावचा श्रावणातला पाऊस कौलांवर वाजत होता. आमच्यापैकी एकाच्या दप्तरात मोटारसायकलचा मागचा दिवा होता. त्याच्यावर '12 व्होल्ट, 21 वॅट' असे कोरलेले. हल्ली घरोघरी एलईडीचे दिवे आल्यापासून तंतूचा दिवा हाती लागणे म्हणजे अपूर्वाईच. तारेच्या जागी तोच जोडावा, अशी कल्पना निघाली. आधी कागदावर गणित मांडले. 21 भागिले 12, म्हणजे प्रवाह 1.75 अँपिअर. 12 भागिले 1.75, म्हणजे रोध सुमारे 6.86 ओहम. मग दिवा जोडला. 12 व्होल्टला काटा बरोबर 1.75 वर! आमच्या आनंदाला पारावार उरला नाही.

दाब निम्मा करून 6 व्होल्टवर आणला. प्रवाहही निम्मा, म्हणजे 0.88 च्या आसपास, यायला हवा होता. काटा 1.2 वर थांबला. 3 व्होल्टला 0.44 हवा, तर काटा 0.8 वर. आम्ही स्क्रू आवळले, तारा बदलल्या, अ‍ॅमीटरच्या काचेवर टिचक्याही मारून पाहिल्या. काटा जागचा हलेना. एवढ्यात घंटा झाली, आणि आम्ही प्रयोगवहीत 0.88 आणि 0.44 असे लिहून टाकले. नियम थोर, आम्ही लहान. चूक आमचीच असणार, असे आम्ही मनाला समजावले. खरे म्हणजे आम्हांला सरळ रेषा हवी होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हांला बोलावले आणि अ‍ॅमीटर पुढे ठेवला.

"यावरचा लहानात लहान भाग केवढ्याचा?"

"0.05 अँपिअरचा, सर."

"मग हे 0.44 तुम्ही कोठे वाचलेत?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. सर रागावले असते तर आम्हांला बरे वाटले असते. त्यांनी दिवा मागितला आणि म्हणाले, "पुन्हा जोडा. काटा दाखवील तेच लिहा."

तेच आकडे पुन्हा आले. या वेळी भागाकार केले: 12 व्होल्टला 6.86 ओहम, 6 ला 5, 3 ला 3.75. दिवा विझवून, निवल्यावर मल्टिमीटर लावला, तर एका ओहमच्याही आत! मग उलगडा झाला. दिव्यातला टंगस्टनचा तंतू पूर्ण प्रकाशात असताना सुमारे अडीच हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. तापला की त्याचा रोध दसपटीहून अधिक वाढतो. तापमान कायम असेल तर रोध कायम, हे नियमातले पहिले कलम आम्ही पाठ केले होते, पण वाचले नव्हते. नायक्रोमचा रोध उष्णतेने फारसा बदलत नाही, म्हणून तेथे आमचे निभावले. इस्त्रीच्या पट्टीवरच्या वॅटांवरून काढलेला रोध म्हणूनच थंड इस्त्रीलाही जवळजवळ लागू पडतो. दिव्याचा पडत नाही. दाब निम्मा केला तर शक्ती पाव व्हावी, म्हणजे 5.25 वॅट, प्रत्यक्षात 6 गुणिले 1.2, म्हणजे 7.2 वॅट होती. पूर्वी घरातले तंतूचे दिवे बटण दाबताक्षणीच का उडत, तेही कळले: गार तंतूतून पहिल्या क्षणी कितीतरी पट प्रवाह धावतो.

सरांनी मग ओहमचीच हकीकत सांगितली. जॉर्ज सायमन ओहम हा कुलूप बनविणाऱ्या कारागिराचा मुलगा. कोलोन येथील शाळेत शिक्षक होता. त्याने 1825 साली जो नियम छापला, तो चुकीचा होता. त्याच्या बॅटरीचा दाबच स्थिर राहत नसे. आकडे जुळवीत न बसता त्याने साधन बदलले. बिस्मथ व तांबे यांचा एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवून त्याने स्थिर दाब मिळविला, आणि 1826 साली स्वतःचाच नियम दुरुस्त केला. आमच्याजवळ बर्फही नव्हता आणि दुरुस्त करण्याजोगा नियमही. होते ते दोन खोटे आकडे.

ते पान फाडू का, असे आम्ही विचारले. सर नको म्हणाले. आम्ही त्या आकड्यांवर एकेक रेघ ओढली आणि शेजारी खरे आकडे लिहिले. वाकडा आलेख पुढच्या पानावर आहे. रेघेखालचे 0.44 अजून स्पष्ट वाचता येते.