गच्चीवरची शिल्लक

घराच्या गच्चीवर रोज ऊन पडते आणि संध्याकाळी निघून जाते. त्याची नोंद कोणी ठेवत नाही. पापड-कुरडया वाळवाव्यात, पावसाळा सरला की गाद्या घालाव्यात, एवढाच त्याचा उपयोग. सांगलीतील कृष्णाकाठच्या एका जुन्या गल्लीत राहणाऱ्या अप्पांनी मात्र २०१७ साली, सहकारी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाल्यावर, या उन्हाचे खाते उघडले. निमित्त झाले नातवाच्या शाळेतील विज्ञान प्रदर्शनाचे. प्रदर्शन संपले, नातू पुण्याला परतला आणि वहीएवढे एक सौर पॅनेल व एक चिमुकला दिवा कपाटावर पडून राहिला. अप्पांनी तो एका दुपारी उन्हात धरून पाहिला. दिवा लागला. आयुष्यभर वीजबिल भरलेल्या माणसाला बिलाशिवाय लागलेल्या त्या दिव्याचे जे अप्रूप वाटले, ते पुढे दोन वर्षे ओसरले नाही.

वास्तविक या शोधाला आता पावणेदोनशे वर्षे उलटून गेली आहेत. प्रकाशापासून विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे फ्रान्समधील एदमाँ बेकरेल या एकोणीस वर्षांच्या तरुणाच्या १८३९ मध्ये ध्यानी आले. घरादाराला उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौर घट मात्र १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी सिद्ध केला. पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्क्यांचीच तो वीज करीत असे. आज बाजारात मिळणारे चांगले पॅनेल २० टक्क्यांच्या पुढे जाते. तरीही ऐंशी टक्के ऊन वायाच जाते, असे अप्पा गंभीरपणे सांगत. जणू कारखान्याच्या गाळपातील साखरेचा उताराच सांगत आहेत.

त्यांनी १०० वॅटचे एक पॅनेल आणले. १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची आम्ल-शिशाची बॅटरी आणली. या दोहोंच्या मध्ये बसणारा चार्ज कंट्रोलर आणला. बॅटरी भरली की आवक थांबवणे आणि रिकामी होऊ लागली की जावक थांबवणे हे त्याचे काम. सांगली सुमारे १७ अंश अक्षांशावर आहे, म्हणून लोखंडी अँगलचा स्टँड दक्षिणेकडे तोंड करून १७ अंशांच्या कलाने वेल्ड करून घेतला. जोडणी स्वतःच केली. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची आणि मग पॅनेल, सोडवताना नेमके उलट, हा नियम त्यांनी भिंतीवर खडूने लिहून ठेवला होता.

चुका पुष्कळ झाल्या. पहिली शेवग्याची. शेजारच्या परड्यातील शेवग्याची एक फांदी दुपारी तीननंतर पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली टाकी. कोपराच तर आहे, असे अप्पांना वाटले. पण पॅनेलमधील छत्तीस घट एकामागे एक साखळीने जोडलेले असतात. साखळीतील एका कडीचा प्रवाह अडला की तिच्यासोबतच्या साऱ्या कड्यांचा अडतो. हातभर सावलीने आवक निम्म्याहून खाली आली होती. शेवगा तोडावा असे त्यांच्या मनातही आले नाही. स्टँडच चार हात सरकवला.

दुसरी चूक तारेची, आणि ती अधिक शिकवून गेली. बॅटरी तळमजल्यावर जिन्याखाली ठेवली होती आणि तिथवर दिव्याला वापरतात तशी बारीक, १ चौरस मिलिमीटरची तार पंधरा मीटर खाली आणली होती. वीज जाते तशी परतही येते, म्हणजे वाट तीस मीटरांची झाली. साडेपाच अँपिअर प्रवाह त्या वाटेने जाताना जवळजवळ तीन व्होल्ट तारेतच खर्ची पडत. २३० व्होल्टच्या घरात तीन व्होल्टांची गळती कोणाच्या लक्षातही येत नाही. पण सतरा-अठरा व्होल्टच्या पॅनेलपुढे चौदा-साडेचौदा व्होल्टला भरणारी बॅटरी असते, तेव्हा तीन व्होल्ट म्हणजे सारा नफाच. अप्पांनी ४ चौरस मिलिमीटरची तार आणली.

ती ओढून झाल्यावर महिन्याभरात काकींनी फर्मान काढले. बॅटरीत पाणी घालताना सांडलेल्या थेंबांनी जिन्याखालच्या शहाबादी फरशीवर पांढरे डाग पडले होते आणि बंद जागेत एक उग्र वास कोंडून राहत होता.

“अहो, ही तुमची पेटी एक तर वर न्या, नाहीतर भंगारात घाला. माझी फरशी गेली,” काकी म्हणाल्या.

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. चार्ज होताना अशा बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तिची जागा मोकळ्या हवेतच हवी. बॅटरी जिन्यावरच्या खोलीत, गच्चीला लागून गेली. तिच्या धन टोकाजवळ फ्यूज बसला, खिडकीला जाळी लागली. जाड तारेवरचा खर्च अर्धा फुकट गेला, अशी नोंद वहीत आहे.

ही वही हाच खरा या प्रकल्पाचा गाभा. रोज सकाळ-दुपार मल्टिमीटरने अँपिअर आणि व्होल्ट मोजून, गुणाकार करून, जमेच्या बाजूला वॅट-तास लिहिले जात. खर्चाच्या बाजूला दिवे, रेडिओ, स्वयंपाकघरातील छोटा पंखा. स्वच्छ उन्हाच्या दिवशी ४०० वॅट-तास जमा होत. वर्षअखेर अप्पांनी ताळेबंद मांडला. एकूण खर्च साडेसतरा हजार. महिन्याला १२ युनिट वीज आणि युनिटला ७ रुपये धरले, तर बचत ८४ रुपये. वर्षाची हजाराच्या आसपास. बॅटरीचे आयुष्य फार तर चार-पाच वर्षे. कोणत्याही कर्ज विभागाने हा प्रस्ताव पहिल्याच टेबलावरून परत पाठवला असता. अप्पांनी खाली लाल शाईने ‘तोट्यात’ असे लिहिले आणि पुढचे पान उघडले.

पुढे ऑगस्ट २०१९ आला.

त्या पुराविषयी सांगलीकरांना वेगळे सांगावे लागत नाही. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. गल्लीतील तळमजले बुडाले, वीजपुरवठा सुरक्षिततेसाठी बंद झाला. बरीच घरे आधीच रिकामी झाली होती. जी माणसे राहिली, ती वरच्या मजल्यावर अडकली. जिन्याखालची जागा छपरापर्यंत पाण्यात होती. फरशीवरच्या त्या डागांनी बॅटरी वाचवली होती.

गल्लीतील घरांच्या भिंती एकमेकींना लागून असल्याने गच्चीवरून गच्चीवर बोलता येई. पहिल्या संध्याकाळी काळोखात एकाच खिडकीत उजेड दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी कठड्यापलीकडून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पहिला मोबाईल आला. दुपारपर्यंत अकरा आले.

अप्पांनी वही काढली. परिस्थिती आशादायक नव्हती. पुराच्या आकाशात पॅनेलला ऊन मिळत नाही. दिवसाला ६० ते १०० वॅट-तास, सरासरी ८० धरावेत. बॅटरीचा दाब १२.४ व्होल्ट होता, म्हणजे ती पाऊण भरलेली. अशी बॅटरी निम्म्याखाली उतरू देऊ नये, नाहीतर ती कायमची दुबळी होते. तेव्हा काढता येण्याजोगी शिल्लक ३०० वॅट-तास. एक मोबाईल पूर्ण भरायला, वाटेतील गळती धरून, १५ लागतात. पाच वॅटचा एक दिवा सहा तास लावला तर ३०. पाणी किती दिवस राहील ते कोणालाच ठाऊक नव्हते.

पंखा आणि रेडिओ पहिल्याच दिवशी बंद झाले. मोबाईलचे नियम ठरले: रोज पाचच, तेही बंद करून भरायचे, ज्याचा माणूस आजारी आहे किंवा दुसरीकडे अडकला आहे त्याचा आधी. पलीकडच्या गच्चीवरील एका तरुणाला हे पटले नाही. डोळ्यांदेखत एवढी मोठी बॅटरी असताना हा कंजूषपणा कशाला, असे तो मोठ्याने म्हणाला. त्याचाही दोष नव्हता. भिंतीतल्या सॉकेटमधून येणारी वीज संपते हे कोणी कधी पाहिलेले नसते.

पाचव्या दिवशी दुपारी पाचांची यादी पूर्ण झाल्यावर मागच्या घरातील एका बाईंनी दोरीला टोपली बांधून मोबाईल पाठवला. त्यांचा मुलगा पाण्यापलीकडे कुठल्यातरी शाळेत आसऱ्याला होता आणि तीन दिवस त्याचा आवाज ऐकला नव्हता. त्या दिवशीची आवक ६० सुद्धा भरली नव्हती. अप्पा आकड्यांकडे पाहत बसले. नियम त्यांनीच घातला होता, आणि एकदा मोडला की गच्चीगच्चीतून टोपल्या येणार हेही त्यांना दिसत होते. काकींनी वहीत डोकावूनही पाहिले नाही.

“आज दिवा लावायचा नाही. तेवढं तिच्या नावावर घाला,” त्या म्हणाल्या.

दिव्याच्या रकान्यात शून्य आले आणि सहावा मोबाईल भरला. दुसऱ्या दिवशीही शून्यच आहे. त्या दोन संध्याकाळी दोघे काळोखात बसून खालच्या पाण्याचा आवाज ऐकत राहिले. बाईंचा फोन लागल्याचे रात्री गच्चीवरून ओरडून कळवण्यात आले. वहीत त्याची नोंद नाही. तेथे फक्त १५ हा आकडा आहे.

याच दिवसांत एक गोष्ट साऱ्या गल्लीने पाहिली आणि कोणाला तिचा उलगडा होईना. समोरच्या इमारतीवर ३ किलोवॉटची नवी सौर यंत्रणा होती, अप्पांच्या पॅनेलच्या तीसपट. ढग फाटून ऊन आले तरी त्या इमारतीत दिवा लागत नव्हता. यंत्रणेत बिघाड नव्हता. नेट मीटरची यंत्रणा बाहेरच्या विजेला जोडलेली असते आणि बाहेरची वीज जाताच तिचा इन्व्हर्टर आपोआप थांबतो. तो थांबला नाही, तर छपरावरील वीज मृत समजल्या गेलेल्या तारांत जाऊन खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव घेऊ शकते. हे बंधन योग्यच आहे. परंतु बिल कमी करणारी यंत्रणा आणि अंधारात कामी येणारी यंत्रणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे विकत घेणाऱ्या किती कुटुंबांना आधी सांगितले जाते? दोन्ही हवे असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो आणि त्याचे पैसे वेगळे मोजावे लागतात.

पाणी ओसरले, चिखल उपसला गेला, आणि गल्लीतील तीन-चार घरांना अप्पांसारखे पॅनेल हवेसे झाले. अप्पांनी आनंदाने मदत केली, पण एका बाबतीत ते कठोर राहिले. १२ व्होल्टचे दिवे आणि मोबाईलचा चार्जर, एवढेच घरी करावे. एका उत्साही मुलाने इन्व्हर्टरची वीज दोन्ही टोकांना पिन असलेल्या वायरने थेट घराच्या सॉकेटमध्ये घालायचे योजले होते. अप्पांनी ती वायर त्याच्यासमोर पकडीने तोडली. अनेक पॅनेल एकामागे एक जोडली की व्होल्ट शेकड्यांत जातात. शिवाय एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाची ठिणगी, घरच्या विजेसारखी क्षणोक्षणी शून्यावर येत नसल्याने, स्वतःहून विझत नाही. घरातील साधे बटण तिथे चालत नाही. त्या कामाला परवानाधारक माणूसच लागतो.

बॅटरी २०२२ मध्ये गेली, नवी आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाची पीएम सूर्यघर योजना जाहीर झाली आणि ३ किलोवॉटच्या यंत्रणेला ७८,००० रुपये अनुदान मिळते हे पाहून पुण्याहून मुलाने आग्रह धरला. या वेळचा ताळेबंद नफ्यात होता. अप्पांनी सही केली.

यंत्रणा बसवायला आलेल्या माणसांनी गच्ची मोजली. नव्या स्टँडला दक्षिणेची बाजू पूर्ण लागणार होती. तिथले जुने पॅनेल काढावे लागेल, असे त्यांनी अप्पांना सांगितले. अप्पा टेप हातात घेऊन विचार करीत उभे राहिले. काकी वाळवण उचलायला वर आल्या होत्या.

“ते तिथंच राहील,” त्या म्हणाल्या. “तुमचं काय ते बाजूला बसवा.”