आधी सीट, मग रंग

जुनी मोटरसायकल पुन्हा उभी करताना सीटचं काम अगदी शेवटी काढायचं, हे माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. इंजिन, गिअरबॉक्स, चेसिस, वायरिंग, रंग, क्रोम हे सगळं मार्गी लागलं की बाजारातून तयार सीट आणायची, बोल्ट आवळायचे आणि गाडी रस्त्यावर काढायची. सीट नीट बसली नाही तर दोष सीटचा, ती परत करून दुसरी आणायची. हे मी नुसतं मानत नव्हतो, जो विचारील त्याला सांगतही होतो. आज मी याच्या बरोबर उलटं सांगतो. माझं ऐकून ज्यांनी सीटचा जुना पत्रा भंगारात घातला असेल, त्यांना तरी हे कळायला हवं.

माझं मत बदललं ते साडेतीनशे सीसीच्या एका जुन्या बुलेटमुळे. कास्ट आयर्नचं इंजिन, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक. 1955 पासून बुलेटची जुळणी आपल्याकडे, मद्रासमध्ये होऊ लागली. तिचा मूळ आराखडा त्याच्याही आधीचा, इंग्लंडमधला, आणि तोच पुढे काही दशकं चालला. म्हणून ‘बुलेटची सीट द्या’ म्हटलं की दुकानदार साल न विचारता सीट काढून देतो. प्रत्यक्षात इतक्या वर्षांत टाकी, मडगार्ड, पकडीच्या पट्ट्या यांत बारीकसारीक फरक पडत गेलेले आहेत. त्यातून प्रत्येक गाडीचे वापराचे आणि अपघातांचे इतिहास वेगळे. दोन जुन्या बुलेट शेजारी उभ्या करून मापं घेतली तर ती सुतासुताला जुळतीलच असं नाही.

या गाडीला तयार सीट आणली. ती पुढून टाकीला भिडली, तरी मागची भोकं बोल्टच्या मागेच राहिली. दाबून बसवली तर डावीकडे मडगार्डला टेकायची आणि उजवीकडे बोट जाईल एवढी फट राहायची. अशा वेळी गॅरेजमध्ये सर्रास केलं जातं ते म्हणजे कानस घेऊन भोक लांबवणं. सीट बसते, पण तिरकी बसते, आणि थोड्याच दिवसांत पत्र्याची कड नवा रंग खायला लागते. मी सीट बदलून आणली. दुसरीही तशीच बसली.

सीट शिवून देणाऱ्या चाचांकडे दोन्ही नेल्या. उद्यमनगरातल्या त्यांच्या दुकानात कडाप्पाचं मोठं टेबल आहे. त्यावर त्यांनी एकेक सीट ठेवली, चारी कोपरे हाताने दाबून पाहिले. डुगडुगत नव्हती. “सीटला कशाला बोल लावताय? गाडी बघा की आधी,” एवढंच म्हणाले. मग दारात उभ्या असलेल्या दुसऱ्याच एका बुलेटवर त्यांनी माझी सीट ठेवली. टाकीशी अंतर सारखं, दोन्ही बाजू सारख्या, भोकात बोल्ट हाताने गेला.

त्या दिवशी माझ्या मतातलं बरंच काही ढासळलं. सीट बसत नसेल तर ती गाडीविषयी काहीतरी सांगत असते. ते काय, हे कळण्याआधी कानस हातात घ्यायची नसते.

घरी येऊन गाडी मधल्या स्टँडवर घेतली, गवंड्याची लेव्हलची बाटली लावून मागचं चाक ओळंब्यात केलं आणि दोन्ही चाकांना दोरी लावली. चाकं एका रेषेत होती. शॉकअबच्या वरच्या दोन बोल्टांवर सरळ पट्टी ठेवली, तीही लेव्हलमध्ये. त्याच्या मागे मात्र, जिथे मडगार्ड आणि कॅरियर धरलेलं असतं, तिथे डावी बाजू तीन सूत खाली होती. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. गाडी ज्यांच्याकडून घेतली त्यांचे वडील तिच्यावरून दूध घालायचे. कॅरियरला दोन्ही अंगांना कॅन, पण परतताना एका बाजूला पेंडीचं पोतं. हे मला गाडी घेतानाच सांगितलं होतं. मी ते कौतुकाने ऐकलं होतं, पण त्याचा मापांशी काही संबंध असेल हे डोक्यात आलं नव्हतं.

उरलेला घोळ टाकीचा होता. टाकीखालची नवी रबरं जुन्यांपेक्षा जाड निघाली, त्यामुळे टाकी वर आणि मागे सरकली होती. जाड रबरं बदलताच टाकी पुढे गेली आणि भोकांचं अंतर निम्म्याहून कमी झालं. आणखी एक गोष्ट चाचांनीच दाखवली. जुन्या सीटच्या पत्र्याला कडेने दाते असतात, त्यांत रेक्झिन ओढून अडकवतात. तयार सीटमध्ये ते आत मुडपून रिव्हेट मारलेलं होतं, आणि मुडपलेल्या घड्या नेमक्या त्या जागी आल्या होत्या जिथे सीट रबरी गट्टूंवर टेकते. तेवढ्याने सीट एका अंगाला उचलली जात होती. घडीतलं जादा रेक्झिन त्यांनी कापून काढलं आणि ती जागा सपाट केली.

राहिला तीन सुतांचा उतार. इथे माझं दुसरं मत बदललं, आणि हे बदलणं मला जास्त जड गेलं. वाकलेलं ते सरळ करायचंच, पॅकिंग घालणं म्हणजे जुगाड, अशी माझी धारणा होती. पण नळी तापवून सरळ करायची तर रंग जाणार, आणि तापवलेल्या सांध्याची ताकद आधीसारखी राहील याची हमी कोण देणार? वाक शॉकअबच्या मागे होता, चाकांच्या रेषेला त्याने धक्का लागलेला नव्हता. वाक पुढे असता तर मी गाडी पुन्हा उघडी केली असती, तिथे तडजोड नाही. इथे मात्र लेथवाल्याकडून मापाचं वायसर कापून घेतलं आणि डाव्या पकडीखाली घातलं. इंजिनात आपण मापासाठी शिम टाकतो, तेव्हा त्याला कुणी जुगाड म्हणत नाही. मोजून घातलेलं पॅकिंग आणि अंदाजाने कोंबलेला रबराचा तुकडा यांत फार फरक आहे. तो फरक न करता मी कितीतरी चांगल्या मिस्त्र्यांच्या कामाला नावं ठेवली.

आता माझा क्रम असा आहे: रंगाला पाठवण्याआधी उघड्या पत्र्यावर टाकी, मडगार्ड आणि सीट तिन्ही एकत्र बसवून पाहायची, रबरांसकट. टाकी आधी, मडगार्ड नंतर, सीट शेवटी, पण तिन्ही एकाच दिवशी. बोल्ट हाताने जात नसेल तर पाना लावायचा नाही. कुणीतरी बसूनही पाहायचं, कारण रिकामी सीट टाकीपासून सुटी दिसते आणि माणूस बसला की फोम फुगून टाकीला घासतो. सीटचा जुना पत्रा कितीही गंजलेला असो, ठेवून द्यायचा. त्यावरची घासल्याची खूण, लांबलेलं भोक, कुणीतरी मारलेलं वेल्डिंग, यातून त्या गाडीचं कुठे काय बिनसलं ते वाचता येतं. शक्य असेल तिथे मी आता त्याच पत्र्याला ठिगळ मारून घेतो आणि वर नवा फोम बसवतो. तो पत्रा त्या गाडीबरोबर वाकलेला असतो, म्हणून तिच्यावर बसतो.

खर्चाचं म्हणाल तर तयार सीट स्वस्त पडते हे खरं आहे, आणि ज्याला उद्या गाडी हवी त्याला मी अडवणार नाही. पण दोन सीट, पुन्हा केलेला रंग आणि वाया गेलेले रविवार धरले तर ती स्वस्त राहत नाही.

सध्या शेडमध्ये एक येझदी आहे. तिचा रंग कुठला करायचा यावर घरात अजून एकमत नाही, आणि त्याची घाईही नाही. टाकी आणि मागचं मडगार्ड तात्पुरतं चढवलं आहे. सीटचा पत्रा उजवीकडे थोडा उचललेला दिसतो. रविवारी दोरी लावून बघणार आहे, आणि तिच्या आधीच्या मालकांना फोन करून ती कशाकशाला वापरली होती तेही विचारणार आहे.