हजेरी आणि दाखला

डहाणू,
ज्येष्ठ शुद्ध पंचमी

चि. भाऊ यास,

तुझे पत्र पोचले. मुलगी दहावीत उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाल्याचे वाचून मन भरून आले. परंतु पुढचा मजकूर वाचताना त्या आनंदात काळजी मिसळली. तिला अकरावीस घालावे की पाड्यावरच्या इतर मुलींबरोबर उंबरगावच्या कंपनीत पाठवावे, असे तू विचारतोस. आणि विचारताना दोन माणसे माझ्यापुढे उभी करतोस. एक तुझा पुतण्या, जो बी.ए. होऊन घरी बसला आहे; दुसरा शेजारचा तो मुलगा, ज्याने नववीत शाळा सोडली, टेंपो चालवायला घेतला आणि ज्याचे आज स्लॅबचे घर उभे आहे. शिक्षणाने दारिद्र्य फिटते असे सरसकट विधान करून तुझी बोळवण करणे मला प्रशस्त वाटत नाही. ज्या बापाला दिवाळीनंतरच्या सहा महिन्यांचा हिशेब आत्ताच मांडावा लागतो, त्याच्या प्रश्नाला सावकाश आणि सविस्तर उत्तर दिले पाहिजे.

या विषयावर जगभर पुष्कळ लिहिले गेले आहे. जेकब मिन्सर नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७४ साली शाळेत काढलेली वर्षे आणि कामाच्या अनुभवाची वर्षे यांवरून माणसाच्या मिळकतीचे गणित मांडले. पुढे इतर अभ्यासकांनी अनेक देशांचे आकडे एकत्र करून असे दाखविले, की शिक्षणाच्या एकेका वर्षामागे मिळकतीत सरासरीने ९ टक्क्यांच्या आसपास भर पडते. ही सरासरी खोटी नाही. परंतु ती आपल्या तालुक्यांच्या भूमीवर उतरवून पाहिली, म्हणजे तिचे रूप बदलते. येथे मिळकत वर्षावर्षाने चढत नाही, पायऱ्यांनी चढते. उंबरगाव, सरीगाम, वापी किंवा इकडे तारापूर यांपैकी कोणत्याही ठिकाणी ठेकेदाराच्या हेल्परांच्या रांगेत आठवी झालेला आणि बारावी झालेला हे दोघे शेजारी उभे राहतात व सायंकाळी दोघांच्या नावे हजेरी एकच लागते. त्या दरवाजातून पाहणाऱ्याला मधली चार वर्षे फुकट गेली असे वाटले, तर त्या दरवाजापुरता त्याचा हिशेब बरोबरच असतो. मात्र त्याच आवारात आयटीआयचा वायरमन किंवा फिटर वेगळ्या वेतनावर असतो आणि परिचारिकेचा दाखला असलेली मुलगी त्या रांगेत उभीच राहत नाही. म्हणून मुलीने किती वर्षे शिकावे, असे विचारण्याऐवजी ती कोणत्या पायरीवर पाय टेकून थांबेल, असे विचारावे. दोन पायऱ्यांच्या मध्ये सोडून दिलेले शिक्षण सर्वांत महाग पडते.

तू लिहितोस, की आपल्याकडे कामच नाही, म्हणून गुजरातची सीमा ओलांडावी लागते. हे खरे आहे, आणि त्याचे एक कारण कायद्यात आहे. केंद्र सरकारने १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला व त्याभोवतीच्या २५ किलोमीटरच्या पट्ट्यातही उद्योगांवर निर्बंध घातले; १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्यामुळे येथल्या चिकूच्या वाड्या, जंगल आणि खाडी वाचली, याबद्दल मला कृतज्ञता वाटते. तरीही कारखाने पलीकडे आणि माणसे अलीकडे अशी विभागणी झाली, हेही नाकारता येत नाही. लोकल गाडी २०१३ साली डहाणूपर्यंत आली. तलासरीस रेल्वे नाहीच. पहाटे टमटममध्ये दाटीवाटीने बसून भिलाडकडे जाणारी मुले त्या विभागणीची किंमत आपल्या झोपेने भरतात.

आता थोडा मागे जातो, कारण पैशाच्या आधीची एक गोष्ट आहे आणि मला तिच्याविषयीच मुख्यतः लिहावयाचे आहे. २३ मे १९४५ रोजी तुमच्या तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करावयाची नाही, असा त्यांनी निर्धार केला. त्यांत लग्नगडी होते. लग्नापुरते कर्ज सावकाराकडून काढावे आणि त्याच्या फेडीपोटी नवराबायकोने त्याच्याच जमिनीवर आयुष्य राबून काढावे, तरी कर्ज कधीच फिटू नये, अशी ती रीत होती. कारण वही सावकाराची, अक्षर सावकाराचे, बेरीजही सावकाराची. लग्नगड्याचा त्यात केवळ अंगठा होता. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो काळ लिहून ठेवला आहे. ते तुझ्या मुलीने अवश्य वाचावे, कारण त्यातली माणसे तिच्या पणजोबांच्या पिढीतली आहेत. गोदावरीबाई स्वतः कायद्याच्या पदवीधर होत्या. वकिलीतून उत्तम अर्थप्राप्ती होण्याजोगी विद्या हाती असताना त्यांनी ती जंगलपट्टीत, ज्यांच्याकडे फी द्यावयास काही नव्हते अशांच्या कामी लावली. आज तलासरीच्या महाविद्यालयास त्यांचे नाव आहे.

त्याच सुमारास, १९४५ सालीच, शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक बोर्डीस आल्या आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावल्या. मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात, हे पाहून त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणावर नेली. ती कुरणशाळा. घरातल्या धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलगी येऊ शकत नाही, म्हणून पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरविली, ती अंगणवाडी. पुढे १९७५ साली देशभर जी बालविकास योजना सुरू झाली, तिने हेच नाव गावोगावी नेले. अनुताईंना कोवळ्या वयात वैधव्य आले होते, आणि शिक्षण हाच त्यांना त्यातून वर येण्याचा मार्ग मिळाला. ज्या स्त्रीने विद्येचे मोल आपल्या आयुष्यावरून जाणले होते, तिने ती विद्या तुमच्या अंगणापर्यंत आणून पोचविली. तेव्हा आता ती अंगणातच थांबावी, असे मला वाटत नाही.

भाऊ, या भूमीत शिक्षणाचे पहिले फळ पैसा हे नव्हते. नकार देण्याची शक्ती हे ते फळ होते, आणि पैसा त्यामागून, बहुधा एका पिढीच्या अंतराने आला. लग्नगडी गेले, परंतु उचल गेलेली नाही. भाताची कामे आटोपण्याच्या आधीच वीटभट्टीचा ठेकेदार पाड्यावर येतो, हातावर उचल ठेवतो, आणि ती ज्याने घेतली त्याचे घर दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे चालू लागते. मुलांची नावे शाळेच्या हजेरीपटावर आणि मुले भट्टीवर, अशी त्यांची निम्मी वर्षे जातात. तरणी मुले वेरावळ-पोरबंदरकडे बोटींवर खलाशी म्हणून उचल घेऊनच जातात. समुद्रातली सरहद्द ओलांडल्याच्या आरोपावरून आपल्या जिल्ह्यातले कित्येक खलाशी कराचीच्या तुरुंगात अडकून पडले आणि मागे घरच्यांना कोणत्या कचेरीत अर्ज करावा हेही कळेना. अशा वेळी घरात एक जरी माणूस अर्ज लिहिणारे, हिशेब तपासणारे, महिन्याच्या महिन्यास ठरलेले वेतन आणणारे असेल, तरी ते घर पुढल्या हंगामाची उचल परत करू शकते. शिकलेल्या माणसाला अधिक पगार मिळतो की नाही, यावर वाद होईल. परंतु त्याच्यामुळे घरातल्या इतर चौघांना वाईट काम नाकारता येते, आणि ही मिळकत कोणत्याही वेतनपटात दिसत नाही.

तुझ्या शेजाऱ्याचेच घे. त्याच्या उद्योगीपणाबद्दल मला आदर आहे. परंतु त्याने परवाना काढला त्या वेळी मालवाहू गाडीच्या परवान्यासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. ती २०१९ साली उठली. म्हणजे अशिक्षितपणाचा म्हणून जो दाखला तू मला देतोस, तोही एका पायरीवर चढूनच टेंपोत बसला. आणि वारली चित्रकार जिव्या सोमा मशे? त्यांचे उदाहरण गावोगावी दिले जाते. गंजाडच्या कळंबीपाड्यावरचा हा माणूस शालेय विद्येवाचून २०११ साली पद्मश्रीपर्यंत पोचला, हे आपणा सर्वांचे भूषण आहे. लग्नचौक लिहिण्याची जी कला सुवासिनींच्या हाती होती, ती त्यांनी रोजच्या साधनेची केली, कागदावर आणि कापडावर नेली. असा दीर्घ अभ्यास म्हणजे अशिक्षितपणा नव्हे. शिवाय वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी त्याचा लाभ कोणाच्या पदरी पडतो? जो नोंदणीचा अर्ज भरतो, मागणीपत्राचे उत्तर देतो आणि पावती करतो, त्याच्या. उरलेल्यांची चित्रे शहरातले छापखाने साड्यांवर उमटवितात.

पुतण्याविषयी मात्र तुझे दुःख मला पूर्ण कळते. २०२३ साली अझीम प्रेमजी विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या अहवालात २५ वर्षांखालील पदवीधरांतील बेकारी ४२ टक्क्यांवर सांगितली आहे. निरक्षर माणसाच्या वाट्याला इतकी बेकारी येत नाही, कारण काम नसताना बसून राहणे त्याला परवडतच नाही. पदवीधराला थांबावे लागते, कारण त्याच्या घराने त्याच्याकडून हजेरीपेक्षा वरच्या कामाची आशा धरलेली असते. शहरातल्या मुलाला त्या थांबण्याच्या काळात मामाची ओळख, काकाचे घर आणि इंग्रजीचा आधार असतो. आपल्या मुलाला घरी वारली, शाळेत मराठी, कंपनीत गुजराती व हिंदी आणि मुलाखतीत इंग्रजी अशा भाषा बदलत, कोणाच्या ओळखीवाचून, तेथवर जावे लागते. दोघांची पदवी एकच, पण तिच्या पाठीशी उभी असलेली माणसे सारखी नाहीत. त्यातून आपल्याकडे एकाच वाटेने सर्वांनी जाण्याची रीत पडली: एका काळी जो तो डी.एड. झाला, गल्लोगल्ली अध्यापक विद्यालये निघाली, आणि भरती थांबताच हजारो मुले दाखले हाती घेऊन बसली. यात मुलांचा दोष काडीइतकाही नाही.

म्हणून माझे मत असे, की मुलीला अकरावी विज्ञानास घालावे आणि बारावीनंतर परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवावे. तिची स्वतःची इच्छा तू पत्रात लिहिली नाहीस. ती आधी विचार, आणि तिला यंत्रांची आवड असेल तर आयटीआयचा विचार कर, कारण ती वाट मुलींना वर्ज्य नाही. अनुसूचित क्षेत्रात आरोग्यसेविका, तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक इत्यादी पदांवर स्थानिक आदिवासी उमेदवारच नेमावेत, अशी राज्यपालांची अधिसूचना २०१४ साली निघाली. तिच्यावरून न्यायालयीन वाद झाले, भरती रखडली, हे खरे. पण ज्या दिवशी जागा निघतात त्या दिवशी दाखला हाती असावा लागतो. तसेच डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदरास जून २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. प्रकल्प ७६,२२० कोटी रुपयांचा सांगितला जातो. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्यास असलेला विरोध मला न्याय्य वाटतो. परंतु बंदर झालेच, तर तेथली बरी कामे बाहेरून आलेल्यांकडे जावीत आणि ज्यांची भूमी त्यांच्याकडे झाडलोट व पहारा राहावा, हे मला सहन होणार नाही.

आता कागदपत्रांचे. जात वैधता प्रमाणपत्राचे काम आत्तापासून हाती घे. त्यास १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, आणि ज्याचे आजोबा-पणजोबा शाळेत गेले, त्याला शाळेच्या रजिस्टराचा उतारा सहज मिळतो. तुझ्या घरी तो मिळणार नाही, म्हणून तहसील कचेरीत जन्ममृत्यूचे जुने नमुने आणि कोतवाल बुक शोधावे लागेल. परंतु वडिलांकडच्या रक्तनात्यातील कोणाचे वैधता प्रमाणपत्र असेल, तर काम पुष्कळ सोपे होते. तुझ्या पुतण्याने महाविद्यालयात असताना ते काढले होते, असे मला स्मरते. त्याची नक्कल आणि वंशावळीचे प्रतिज्ञापत्र त्याच्याकडून मागून घे, आणि मुलीचे अर्जही त्यालाच भरू दे. त्याला या कचेऱ्यांची माहिती आहे. वसतिगृहाचा अर्ज आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात वेळेत जाऊ दे. तेथे जागा न मिळाल्यास आदिवासी विद्यार्थ्यांसाठीच्या स्वयम् योजनेतून राहण्याजेवणाचा खर्च मिळतो का, तेही विचारून घ्यावे. येत्या सोमवारी पुतण्याला घेऊन डहाणूस ये, कागद आपण तिघे मिळून पाहू. मुलीलाही आण.

तुझे,
गुरुजी