आजोबांच्या रघुवंशातलं अक्षर

आजोबांच्या रघुवंशाची बांधणी सुटली होती. पानांच्या कडा बोट लागताच तुटत, म्हणून त्याला हात लावायची मला परवानगी नव्हती. ते वाचायला बसले की मी शेजारी बसून नुसती बघत राही. संस्कृत कळत नव्हतं. वर मोठ्या टायपात श्लोक, खाली बारीक टायपात मल्लिनाथाची टीका, आणि त्या बारीक टायपातही प्रत्येक वेलांटी आपल्या जागी. छापलेलं अक्षर इतकं देखणं असू शकतं, हे मला त्या पानावर कळलं. पुस्तक मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचं होतं.

ते देखणं का, हे कळायला पुण्यातल्या एका लहानशा छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी लागावी लागली. तिथले म्हातारे जुळारी, त्यांना सगळे अण्णा म्हणत. एकदा त्यांनी अक्षरं जुळवायच्या स्टिकमधून एक खिळा, म्हणजे शिशाचं एक अक्षर, काढून माझ्यापुढे धरला. "ताई, हा द्ध. द च्या पोटात ध बसवलाय, आणि तरी दोघांनाही श्वास घ्यायला जागा आहे." त्या दिवसापासून मी जोडाक्षरं वाचायच्या आधी बघायला शिकले.

बऱ्याच रोमन टायपांत अक्षरांच्या टोकांना बारीक पट्ट्या असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. इंग्रजी पुस्तकाच्या पानाला भारदस्तपणा येतो तो बराचसा त्यांच्यामुळे. आपल्याकडे शिरोरेषाच असल्यामुळे तशा पट्ट्यांची गरज पडली नाही. आपल्या टायपाचा घाट येतो तो जाड-बारीक रेघेतून, आणि ती रेघ येते बोरूच्या तिरक्या कापातून. हा काप रोमन लेखणीच्या उलट बाजूचा. म्हणून इंग्रजी अक्षरात जी तिरकी रेघ जाड, ती आपल्याकडे बारीक. निर्णयसागरच्या टायपात हा बोरू शिशात उतरूनही जिवंत राहिला आहे. ग ची गाठ बघा, क चा डावा फुगा बघा, जाडी कुठेही एकदम तुटत नाही.

हे काम केलं दोन मित्रांनी. जावजी दादाजी १८३९ साली जन्मले आणि पोरवयातच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. तिथे थॉमस ग्रॅहम देवनागरी टाइप घडवत होते. पुढे १८६४ मध्ये जावजींनी स्वतःचा टाइप ओतायचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. अक्षरं कोरली राणोजी रावजी आरू यांनी. पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, छापताना दिसणार तेवढ्याच आकाराचं. ते तांब्यावर ठोकून साचा करायचा आणि त्यात शिसं, कथील, अँटिमनीचा रस ओतायचा. काना, मात्रा, उकार, जोडाक्षरं धरून मराठीला असे शेकडो खिळे लागतात. या टायपाच्या बळावर मुंबईच्या कोलभाट गल्लीतल्या या छापखान्यातून ‘काव्यमाला’ ही संस्कृत ग्रंथमाला निघाली, संस्कृत ग्रंथांच्या प्रती देशभर गेल्या. आरूंचं नाव मात्र आज किती जणांना ठाऊक आहे? मला ही आपली मोठी कृतघ्नता वाटते.

आमच्या छापखान्यात संगणक आला तेव्हा खिळे भंगारात वजनावर गेले. नंतर माझ्या टेबलावर जी मुद्रितं येऊ लागली त्यांत ‘शुद्ध’ हा शब्द ‘शुद्‌ध’ असा फोडलेला असे. मुलांना सोपं जावं, हा त्यामागचा हेतू मला मान्य आहे. पण पाय मोडून ठेवलेल्या द वर नजर दर वेळी अडखळते, आणि कवितेच्या ओळीत तर ते सहन होत नाही. मी समासात खुणा करत राहिले. बहुतेक वेळा उत्तर एकच येई, फॉन्टमध्ये नाही. आपला पाकळीचा ल सुद्धा असाच मागे पडला होता. २००९ च्या शासन निर्णयाने त्याला पुन्हा मान दिला.

म्हणून टिरो देवनागरी मराठी हा टाइप पहिल्यांदा पडद्यावर पाहिला तेव्हा मी बराच वेळ काही टंकलंच नाही. फिओना रॉस आणि जॉन हडसन यांनी निर्णयसागरच्या वळणावरून प्रेरणा घेऊन तो घडवला. टिरो देवनागरीची मराठी, हिंदी, संस्कृत अशी तीन रूपं आहेत, सोबतची रोमन अक्षरं सेरिफची, आणि तो कुणालाही मोफत वापरता येतो. दुकानाच्या पाटीला किंवा वर्तमानपत्राच्या मथळ्याला मी तो सुचवणार नाही. त्याच्या बारीक रेघा तिथे हरवतात. कविता, चरित्र, कोश, सावकाश वाचायचा कुठलाही मजकूर असेल तर मात्र जरूर घ्यावा.

गेल्या वर्षी आजोबांच्या रघुवंशावरच्या टिपणांची लहान पुस्तिका घरच्यांसाठी केली. हाच टाइप, अकरा पॉइंटचा, ओळींमध्ये अठराचं अंतर. वरच्या मात्रा आणि खालची जोडाक्षरं एकमेकांना लागू नयेत म्हणून एवढं हवंच. प्रत्येक ‘द्ध’ एकसंध आहे.

तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत निर्णयसागरची एखादी प्रत असेल. संस्कृत येत नाही म्हणून ती रद्दीत घालू नका. ठेवायची नसेल तर जवळच्या ग्रंथालयाला द्या, पण देण्याआधी एक पान उजेडात धरून बघा.