डोन्झी घेण्याआधी

टॅम्पा, फ्लोरिडा

प्रिय निखिल,


बोटीचे फोटो पाहिले. १९९२ची डोन्झी २२ क्लासिक, ४५४ मॅग्नम इंजिन, ब्राव्हो वन ड्राइव्ह. तुझी निवड मला मनापासून आवडली. डॉन अ‍ॅरोनोने १९६४मध्ये मायामीत ही कंपनी काढली. खोल व्ही तळाची ही छोटी, देखणी बोट आजही कुठे दिसली की मी थांबून बघतो. पण चकाकणाऱ्या रंगावर भुलू नकोस. तीस वर्षं जुन्या स्पीडबोटीत मुख्य प्रश्न एकच असतो: नको तिथे पाणी शिरलंय का?

आधी मागची भिंत, म्हणजे ट्रान्सम बघ. बाहेर फायबरग्लास दिसलं तरी त्या काळच्या बहुतेक बोटींत आत प्लायवूड असतं. ड्राइव्हसाठी तिला मोठं भोक पाडलेलं असतं, शिवाय ट्रिम टॅबचे स्क्रू. एका स्क्रूभोवतीचं सीलंट गेलं तरी पाणी लाकडात झिरपतं आणि ते आतल्या आत कुजतं. प्लास्टिकची हातोडी घे आणि बाजारात मडकं वाजवून घेतात तशी अख्खी भिंत वाजवून बघ. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज येईल तिथे खडूने खूण कर. ड्राइव्हभोवती किंवा खालच्या कडेला खुणा दाट झाल्या, तर व्यवहार सोडून दे. ट्रान्सम नवा करायचा म्हणजे इंजिन बाहेर काढावं लागतं, आणि तो खर्च बोटीच्या किमतीजवळ जाऊ शकतो. इंजिन ज्यांवर बसतं ते स्ट्रिंगरही असेच तपास. माउंटचा बोल्ट आवळताना नुसताच फिरत राहिला, तर खालचं लाकूड गेलेलं आहे.

मग ड्राइव्ह पूर्ण वर उचलायला लाव आणि रबरी बेलोच्या घड्या बोटांनी उघडून बघ. भेगा खोल घडीतच असतात. बेलो फाटला की पाणी युनिव्हर्सल जॉइंट आणि गिंबल बेअरिंगपर्यंत पोचतं, आणि पाण्यात उभी ठेवलेली बोट त्याच वाटेने बुडू शकते. ड्राइव्हचं तेल थोडं काढून बघ. दुधाळ दिसलं, तर आत पाणी आहे.

इंजिनाचे तास कमी आहेत, एवढ्यावर समाधान मानू नकोस. थेट समुद्राच्या पाण्याने थंड होणारं इंजिन पडून राहिलं, तरी आतलं मीठ लोखंड खात राहतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि रायझर खाऱ्या पाण्यात साधारण पाच-सात वर्षांत बदलावे लागतात, त्यांची पावती मागच. ते आतून गंजले की पाणी थेट सिलिंडरमध्ये उतरतं. आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घे. आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. बोट आधी उत्तरेकडच्या राज्यात होती का, तेही विचार. हिवाळ्यात पाणी न काढता ठेवलेला ब्लॉक बर्फाने तडकतो.

तू पोचण्याआधी इंजिन सुरू करू नका, असं मालकाला सांगून ठेव. थंड इंजिन कसं सुरू होतं ते तुझ्या डोळ्यांसमोर दिसलं पाहिजे. त्याआधी ब्लोअर चार मिनिटं चालव आणि इंजिनाच्या कप्प्यात पेट्रोलचा वास येतो का बघ. यात घाई नको, स्फोट असेच होतात. पाण्यात पूर्ण थ्रॉटलला इंजिन कंपनीने ठरवलेल्या आरपीएमपर्यंत पोचलं पाहिजे. परत आल्यावर तळात नवीन पाणी आलंय का, तेही बघ.

ट्रान्समवर उजव्या बाजूला बारा अक्षरी हल क्रमांक असतो. त्याचे शेवटचे दोन आकडे मॉडेल वर्षाचे, म्हणजे ९२ हवेत. तो टायटलशी जुळव आणि बोटीवर कर्ज नाही ना, याची खात्री कर.

सर्व्हेअर तू स्वतः नेम, विकणाऱ्याने सुचवलेला नको. इंजिनासाठी वेगळा मेकॅनिक बोलाव, कारण हलचे सर्व्हेअर सहसा इंजिन उघडत नाहीत. विमा कंपनीही जुन्या बोटीचा सर्व्हे सहसा मागते.

‘सर्व्हे आणि पाण्यातली चाचणी समाधानकारक झाली तरच व्यवहार, नाहीतर पैसे परत’ असं लिहून घेतल्याशिवाय एक डॉलरही देऊ नकोस. अहवाल हाती आला की सही करण्याआधी मला पाठव.

तुझा,
मामा